मधमेणाच्या मेणबत्त्या, २ फेब्रुवारीसाठी: बारीक घ्या, जाड राहू द्या

सरळ सांगते. २ फेब्रुवारीच्या सणासाठी, म्हणजे प्रभूच्या समर्पणाच्या दिवसासाठी, नागपुरात खऱ्या मधमेणाच्या मेणबत्त्या पाहिजे असतील तर सदरमधलं हे दुकान चांगलं आहे. माल खरा आहे, माणसं बोलायला चांगली आहेत, भाव ऐकून जरा दचकायला होतं पण वाजवी आहे. फक्त इथली बारीक लांब मेणबत्ती घ्या, जाड घेऊ नका, आणि काचेच्या ग्लासातली तर ह्या दिवसासाठी अजिबात नको. का ते सविस्तर लिहिते, कारण डिसेंबरमध्ये केक कुठला चांगला, स्टार कुठे स्वस्त, गव्हाणीतले पुतळे कुठे मिळतात ह्यावर सगळे भरभरून बोलतात, आणि फेब्रुवारीच्या ह्या सणाबद्दल आपल्याच लोकांना विचारलं तर म्हणतात, हो नं, त्या दिवशी फादर मेणबत्त्या आशीर्वादित करतात. बस इतकंच. कायले करतात ते विचारलं की गप्प.

माझं तर म्हणणं आहे की तो दिवस कशाचा आहे हे कळल्याशिवाय मेणबत्ती कशी घ्यायची हे ठरवताच येत नाही. म्हणून आधी तेच.

२५ डिसेंबर धरून मोजलं की ४० वा दिवस २ फेब्रुवारीला येतो. मोशेच्या, म्हणजे ज्यू लोकांच्या, नियमाप्रमाणे मुलगा झाल्यावर ४० दिवसांनी आईने मंदिरात जाऊन शुद्धीकरणाचं अर्पण द्यायचं असायचं, आणि घरातला पहिला मुलगा देवाचा मानला जायचा. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात आहे हे सगळं. मरिया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात गेले. आता नियम असा होता की कोकरू द्यायचं, पण ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांनी होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिल्लं दिली तरी चालेल, आणि लूक इथे फक्त पाखरांचं नाव घेतो. कोकराचं घेत नाही. म्हणजे गरीब घरातले आईबाप होते, हातात बाळ आणि दोन पाखरं, आणि त्या एवढ्या मोठ्या मंदिरात त्यांच्याकडे कोणी वळून पाहावं असं काहीच नव्हतं.

पाहिलं कोणी तर शिमोनने. यरुशलेमात राहणारा नीतिमान माणूस, त्याला पवित्र आत्म्याने सांगून ठेवलं होतं की प्रभूच्या ख्रिस्ताला पाहिल्याशिवाय तुला मरण येणार नाही. शिमोन याजक होता असं लूक कुठेच म्हणत नाही, पद नाही, अधिकार नाही, नुसता वाट पाहणारा माणूस. आणि हन्ना, फनुएलची मुलगी, आशेर वंशातली, लग्नानंतर सातच वर्षं नवऱ्याबरोबर राहिली आणि मग विधवा, ८४ वर्षांची, मंदिर सोडून कुठे जायची नाही, उपास आणि प्रार्थना. हे दोघंच. शिमोनने बाळ हातात घेतलं आणि देवाला म्हणाला की आता मला शांतीने जाऊ दे, माझ्या डोळ्यांनी तुझं तारण पाहिलं, हा सगळ्या राष्ट्रांसाठी प्रकाश आहे.

तर मेणबत्ती इथून आली. शिमोनच्या हातात जे बाळ होतं तेच आपण त्या दिवशी मेणबत्तीच्या रूपात हातात धरतो. आपण शिमोनच्या जागेवर उभे राहतो, हन्नाच्या जागेवर उभे राहतो. त्या दिवशीची मेणबत्ती ही हातात धरायची वस्तू आहे, टेबलावर ठेवायची नाही, आणि माझा सगळा रिव्ह्यू ह्या एकाच गोष्टीवर आहे. हातात कशी बसते, चालताना कशी जळते, म्हातारं माणूस धरू शकतं का, लहान मुलाला देता येते का. वास आणि रंग त्याच्या नंतर.

जुने धर्मशिक्षक तर एकाच मेणबत्तीत सगळं दाखवायचे, मेण म्हणजे ख्रिस्ताचं शरीर, आत लपलेली वात म्हणजे त्याचा आत्मा, आणि वरची ज्योत म्हणजे त्याचं देवपण. मेण मधमाश्यांचं पाहिजे हा आग्रहही त्यातूनच आला, ते शुद्ध समजलं जायचं. पूर्वी वेदीवरच्या मेणबत्त्यांमध्ये मधमेणच जास्त पाहिजे असा चर्चचा नियमच होता, आता तसा कडक नाही. पण पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, रात्री नव्या मेणबत्तीपुढे जी घोषणा गातात त्यात आजही मधमाश्यांच्या कामाचा उल्लेख येतो, लक्ष देऊन ऐका ह्या वर्षी.

आता मालाबद्दल.

बारीक मेणबत्ती साधारण वीतभर लांब, अंगठ्यापेक्षा थोडी बारीक, ९० रुपयाला एक, सहाचं पाकीट ५०० ला. रंग ताज्या गुळासारखा, एकसारखा नाही, एकाच पाकिटात एक फिकी एक गडद निघते आणि ते चांगलं लक्षण आहे, रंग टाकलेल्या सगळ्या अगदी एका रंगाच्या असतात. नाकाजवळ नेली तर मधाचा हलका वास येतो, अत्तर टाकल्यासारखा घमघमाट नाही. काहींवर वरून पांढुरका थर दिसेल, बुरशी समजून परत करू नका, थंडीत खऱ्या मधमेणावर असा थर येतोच, सुती कापडाने चोळला की जातो आणि खालून चकाकी निघते. पॅराफिनवर, म्हणजे साध्या मेणबत्तीच्या मेणावर, असा थर येत नाही, म्हणून मी तर तो थर पाहूनच उचलते.

पेटवल्यावर काय होतं ते सांगते. पहिली काही मिनिटं ज्योत लहान असते, असं वाटतं की विझेल, कारण मधमेण वितळायला ६२ ते ६४ डिग्री लागतात, साध्या पांढऱ्या मेणबत्तीपेक्षा ते चिवट असतं. मग वातीभोवती छोटंसं तळं तयार होतं, एकदम स्वच्छ, पिवळं, आणि ज्योत उभी राहते. त्यानंतर ती हलत नाही. काजळी जवळजवळ नाहीच, वर पांढरा कागद धरून पाहिला तर अगदी हलका डाग आला. ओघळ येतात पण हळू येतात, आणि खाली पोचायच्या आधी घट्ट होतात. इतवारीतून ठोकात आणतो त्या पांढऱ्या बारक्या मेणबत्त्या स्वस्त पडतात हे खरं, शेकड्याने वाटायच्या असतील तर त्याच घ्याव्या लागतात, मी काही त्यांना नावं ठेवत नाही, पण त्या चालताना इतक्या गळतात की पोरांचं सगळं लक्ष बोटावर पडणाऱ्या मेणाकडे असतं, आणि मिरवणूक कधी संपते असं त्यांना होऊन जातं.

जाड मेणबत्ती ४५० ची आहे, दिसायला फार सुंदर, दुकानात शिरलं की तीच डोळ्यात भरते. पण तिच्यातली वात बारीक आहे. मधमेणाला जाड वात लागते नाहीतर ती स्वतःच्याच वितळलेल्या मेणात बुडते, आणि इथे तेच होतं. मधोमध खड्डा पडत जातो, कडेचं मेण तसंच उभं राहतं, आणि तासाभरात ज्योत आत खोल गेलेली, बाहेरून दिसतही नाही. पैसे वाया. दुकानाने वात बदलली तर मी आनंदाने परत घेईन, घरच्या अल्टारवर ठेवायला चांगली आहे. ह्या एका गोष्टीसाठी एक स्टार कापते.

काचेच्या ग्लासातल्या पण ठेवतात, मोगरा, लॅव्हेंडर, व्हॅनिला वगैरे, त्या सोया मेणाच्या आहेत. गिफ्ट म्हणून छान. पण काच तापते, हातात धरून चालता येत नाही, आणि ज्या दिवसाचा अर्थच हातात धरण्यात आहे त्या दिवशी त्या कायले न्यायच्या.

काउंटरवरचा मुलगा विशीतला असेल, ख्रिश्चन नाही, पण त्याला रस आहे. मी पाकिटं काढायला लागली तर म्हणे, "काकू, नाताळ तर होऊन गेला नं, आता कायले लागते इतक्या?" मी म्हटलं, भाऊ, नाताळचं बाळ आता देवळात जाणार आहे, आणि त्याला शिमोनची गोष्ट सांगितली, तिथंच उभ्या उभ्या, मागे गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बरं झालं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या म्हाताऱ्याले कसं समजलं का हाच तो बाळ आहे म्हणून? तिथं तर लय बाळं येत असतील." इतका चांगला प्रश्न मला धर्मशिक्षणाच्या वर्गातही कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, लूक इतकंच सांगतो की आत्म्याच्या प्रेरणेने तो त्याच दिवशी मंदिरात आला. बाकी ओळखायला काही खूण नव्हती, राजाचा पोशाख नव्हता, सोबत लवाजमा नव्हता. बेथलेहेमच्या मेंढपाळांना निदान देवदूतांनी सांगितलं होतं की गव्हाणीत बाळ दिसेल, पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी मागी लोकांना तारा दिसला होता. शिमोनसमोर नुसतं एक गरीब घरचं बाळ आलं. म्हणून मला हा सण नाताळपेक्षा जवळचा वाटतो, देवदूत नाहीत, तारा नाही, रोजच्यासारखं मंदिर आणि रोजच्यासारखी गर्दी, आणि त्यात ज्याने आयुष्यभर वाट पाहिली त्याला दिसलं.

मालक स्वतः मेणाबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत. मेण मेळघाटाकडून येतं असं ते सांगतात, आग्या माश्यांच्या पोळ्यांचं. पूर्वी मध काढणारे रात्री मशाली लावून मोहोळ जाळायचे, माश्या मरायच्या, पिल्लं मरायची. आता शिकलेले लोक अंगभर पोशाख घालून जातात, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापतात आणि पिल्लांचा भाग तसाच ठेवतात, म्हणजे माश्या तिथंच राहतात आणि पोळं पुन्हा भरतात. आपल्या विदर्भात वर्ध्याकडून ह्या पद्धतीचं बरंच काम झालंय. हे ऐकताना मला आपल्या कॅथेड्रलचे, म्हणजे बिशपांच्या मुख्य चर्चचे, आश्रयदाते संत आठवले, संत फ्रान्सिस द सेल्स. १८८७ मध्ये नागपूरचा धर्मप्रांत झाला, आणि कॅथेड्रलला नाव ह्या संताचं. त्यांच्या लिखाणात मधमाश्या सारख्या येतात, त्यांचं एक म्हणणं तर प्रसिद्ध आहे की माशी फुलातून मध घेते पण फुलाला इजा करत नाही, ते जसं होतं तसं ताजं सोडून जाते, आणि खरी भक्ती तशीच असते, कोणाचं काही बिघडवत नाही. त्यांचा सण २४ जानेवारीला, म्हणजे मेणबत्तीच्या सणाच्या नऊच दिवस आधी. मालकांना हे सांगितलं तर त्यांनी ते वाक्य कागदावर लिहून घेतलं.

धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्यांसाठी खास सांगते, इथे मधमेणाचे पातळ पत्रे पण मिळतात, सहा कोनांचे खण उमटलेले, मधपेटीत चौकटीला लावतात तेच. ६० रुपयाला एक. वात एका कडेला ठेवायची आणि गुंडाळत जायचं, आग नाही, वितळवणं नाही, सात-आठ वर्षांची मुलं आरामात करतात. फक्त नागपूरच्या जानेवारीत सकाळी करायला बसू नका, थंडीत पत्रा कडक होतो आणि गुंडाळताना कटकन तुटतो. दुपारी करा, नाहीतर आधी थोडा वेळ उन्हात ठेवा, मग मऊ पडतो. गुंडाळलेली मेणबत्ती भरीव मेणबत्तीपेक्षा लवकर जळते, पण मिरवणुकीपुरती भरपूर पुरते, आणि मुलाने स्वतः केलेली असली की तो ती जपून धरतो, विझू देत नाही, मी पाहिलंय.

तक्रारी पण लिहिते. पाकीट म्हणजे नुसतं प्लास्टिक, आत कागद नाही, बारीक मेणबत्त्या एकमेकींवर घासून दोनचार टवके उडालेले होते, वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या असत्या तरी चाललं असतं. खाली धरायला कागदाच्या वाट्या ठेवत नाहीत. मी जाड पुठ्ठ्याच्या चकत्या कापून मधे फुलीसारखी चीर दिली आणि त्यातून मेणबत्ती घातली, काम होतं, पण दुकानाने ठेवल्या तर दोन रुपयाची वस्तू आहे आणि लोक घेतील. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे नाताळनंतर माल कमी करून टाकतात, जानेवारीच्या शेवटी गेलं तर बारीक वाल्या संपलेल्या असतात आणि मग जाड वाली घ्या म्हणून सांगतात. ऐकू नका.

आता खरी परीक्षा, मिस्सेची, म्हणजे त्या दिवशीच्या चर्चमधल्या उपासनेची. आमच्याकडे संध्याकाळी असते. सगळे चर्चच्या बाहेर जमतात, मेणबत्त्या तिथंच पेटवतात, फादर आशीर्वाद देतात, पवित्र पाणी शिंपडतात, आणि मग रांगेने आत जायचं, गात गात. ही मिरवणूक आजची नाही. चौथ्या शतकाच्या शेवटी एगेरिया नावाची एक यात्रेकरू बाई यरुशलेमला गेली होती, तिने लिहून ठेवलंय की तिथे हा ४० वा दिवस पास्कासारख्या थाटात साजरा होत होता, तेव्हा मोजणी ६ जानेवारीपासून असल्यामुळे तो १४ फेब्रुवारीला यायचा. रोममध्ये सातव्या शतकाच्या शेवटी पोप सर्जियस ह्यांनी ह्या सणाला मिरवणूक काढायची पद्धत घातली. १९६९ च्या नव्या पंचांगात सणाचं नाव प्रभूचं समर्पण असं ठेवलं, त्याआधी चर्च त्याला मरियेच्या शुद्धीकरणाचा सण म्हणायचं. नाव काहीही असो, लोक बाहेरून आत प्रकाश घेऊन येतात हे तसंच राहिलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आपल्याकडे अंधार पडला की वारा सुटतो, बाहेर उभ्या उभ्या अर्ध्या मेणबत्त्या विझतात. ह्या मधमेणाच्या पण विझल्या, तसं काही नाही की विझत नाहीत, पण शेजारच्याच्या ज्योतीला लावल्या की लगेच धरतात, वातीत मेण भरलेलं असतं म्हणून. माझ्या सासूबाईंचा हात कापतो. दरवर्षी त्या मेणबत्ती पेटवतात आणि लगेच माझ्या हातात देतात, मेण सांडेल म्हणून. ह्या वेळी धरून ठेवली. बारीक आहे, हलकी आहे, मुठीत पक्की बसते, आणि ओघळ वरच्या वर गोठत होते. चकतीवर दोन थेंब पडले, हातावर एकही नाही. दारातून आत शिरताना मला म्हणाल्या, "हे बरी आहे बापा, हातात बसते." ८४ वर्षांच्या हन्नाचं वाचन झालं त्या दिवशी, आणि माझ्या शेजारी उभी असलेली बाई पण साधारण तेवढ्याच वयाची. बारीक मेणबत्तीला माझे पाच स्टार तिथंच झाले.

पण हा नुसता गोड दिवस आहे असं कोणी समजू नका. शिमोनने प्रकाशाची गोष्ट सांगितल्यावर मरियेकडे वळून दुसरी गोष्ट पण सांगितली, की हे मूल अनेकांच्या पडण्याला आणि उठण्याला कारण होईल, लोक त्याच्या विरुद्ध बोलतील, आणि तुझ्या स्वतःच्या जिवातून तलवार जाईल. ४० दिवसांच्या बाळाच्या आईला हे सांगितलंय. म्हणजे गव्हाणी आणि क्रूस ह्या दोन्हीच्या मधे हा दिवस उभा आहे, मागे वळलं तर बेथलेहेम दिसतं, पुढे पाहिलं तर काही दिवसांत राखेचा बुधवार आणि तिथून सुरू होणारा ईस्टरआधीचा उपवासकाळ. जुन्या पद्धतीची घरं तर गव्हाणी २ फेब्रुवारीपर्यंत उचलत नाहीत, आमच्या घरी पण आम्ही तसंच ठेवतो, शेजारी विचारतात अजून नाताळ चालू आहे का, तर हो, चालू आहे. आणि मेणबत्ती पण हेच करते नं, प्रकाश देते तो स्वतः संपत जाऊन. तलवारीचं वाक्य वाचलं जातं तेव्हा हातातली ज्योत खाली आलेली असते, थोडं मेण कमी झालेलं असतं. मी तेव्हा मुद्दाम तिच्याकडे पाहते. ज्या आया पोरांसाठी झिजतात त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

त्याच दिवशी आपल्या सिस्टर लोकांचा पण दिवस असतो. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९७ पासून २ फेब्रुवारी हा समर्पित जीवनाचा दिवस म्हणून सुरू केला, ज्यांनी आपलं आयुष्य देवाला दिलंय त्यांच्यासाठी. नागपुरात किती शाळा आणि दवाखाने ह्या बायांनी चालवलेत, आपल्यातले अर्धे तर त्यांच्याच हाताखाली शिकलो. मी एक पाकीट आमच्या जवळच्या कॉन्व्हेंटमध्ये नेऊन दिलं. म्हाताऱ्या सिस्टरने मेणबत्ती हातात घेतली, आधी वास घेतला, आणि सांगितलं की तिच्या गावी लहानपणी अशीच मिळायची. तुम्हाला कोणा सिस्टरला काही द्यायचं असेल तर मिठाईच्या डब्यापेक्षा हे द्या.

दुसऱ्या दिवशी, ३ फेब्रुवारीला, संत ब्लेझचा दिवस. तेव्हा दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून फादर गळ्याला लावतात आणि घशाच्या आजारापासून राखण्याची प्रार्थना करतात. त्या मेणबत्त्या पेटवलेल्या नसतात, आणि इथेही बारीकच लागतात. आमच्या पॅरिशला, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चला, दोन दिल्या, चालल्या.

घरी आणलेल्या आशीर्वादित मेणबत्त्या लोक वर्षभर ठेवतात, वादळ आलं, कोणी आजारी पडलं, कोणाचा शेवटचा क्षण आला की पेटवतात. शेवटच्या क्षणाला हीच का, तर शिमोनचे शब्द आठवा, आता मला शांतीने जाऊ दे. रोज रात्री झोपायच्या आधीच्या प्रार्थनेत पण चर्च हेच शब्द म्हणतं. माझ्या सासऱ्यांच्या उशाशी आम्ही अशीच एक लावली होती.

फक्त नागपूरचा मे महिना लक्षात ठेवा. ४५ च्या वर पारा गेला की मधमेण वितळत नाही पण नरम पडतं, उभी ठेवली तर वाकते. सुती कापडात गुंडाळून आडवी ठेवा, खालच्या कप्प्यात, भिंतीपासून लांब. पेटवायच्या आधी वात कापून पाव इंचाच्या आसपास ठेवा, नाहीतर धूर करते. कपड्यावर मेण पडलं तर ओलं पुसू नका, गोठू द्या, खरवडा, मग वर-खाली साधा खाकी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, कागद मेण ओढून घेतो.

घ्यायची असेल तर नाताळच्या गर्दीतच सांगून ठेवा की २ फेब्रुवारीसाठी बारीक वाल्या पाहिजे, मालक वहीत लिहून घेतात आणि ठेवतात, थोडा ॲडव्हान्स घेतात. फोनवरून ऑर्डर घेतात पण घरपोच देत नाहीत, जाऊन आणावं लागतं, संध्याकाळी सदरमध्ये गाडी लावायला जागा मिळत नाही तर सकाळी ११ च्या आधी जा. यूपीआय चालतं. पॅरिशसाठी ५० च्या वर घेतल्या तर भाव कमी करतात, विचारा, स्वतःहून सांगत नाहीत. आणि चकत्यांसाठी पुठ्ठा घरूनच कापून न्या.